कॉइल जळते, दोष मात्र प्लंजरचा असतो

सोलेनॉइड व्हॉल्व्हची, म्हणजे विजेने चालणाऱ्या व्हॉल्व्हची, कॉइल (तारेचं वेटोळं) जळली म्हणजे ती हलक्या दर्जाची होती, असा समज कारखान्यांच्या मेंटेनन्स विभागात घट्ट बसला आहे. नवी बसवतात, तीही जळते, आणि तिसऱ्या खेपेला कुणीतरी मशीनला नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधतं. नजर मशीनला लागत नाही. २३० व्होल्ट एसीच्या कॉइलचं हे कोडं शाळेतल्या विद्युतचुंबकाच्या धड्यावरच सुटतं.

हवेच्या दाबावर सिलिंडर पुढे-मागे करणारा नेहमीचा ५/२ व्हॉल्व्ह (पाच तोंडं, दोन स्थिती) घ्या. त्यात स्पूल नावाचा दांडा सरकतो आणि हवेची वाट बदलतो. बहुतेक व्हॉल्व्हमध्ये कॉइल स्पूलला थेट हलवत नाही. ती फक्त एक छोटा लोखंडी प्लंजर जेमतेम मिलिमीटरभर उचलते. त्याने पायलटचं, म्हणजे स्पूल ढकलणाऱ्या हवेचं, बारीक भोक उघडतं आणि तिथून शिरलेली हवा स्पूलला ढकलते.

डीसी कॉइलमधला प्रवाह तारेच्या रोधावर ठरतो, प्लंजर कुठेही असो. एसीत मात्र प्रवाह सतत बदलतो, म्हणून कॉइलचं स्वतःचंच चुंबकीय क्षेत्र त्याला विरोध करतं. हा विरोध किती, ते प्लंजरच्या जागेवर ठरतं. चुंबकीय रेषांना लोखंडातून जाणं हवेपेक्षा शेकडो-हजारो पटींनी सोपं असतं. प्लंजर उचलला गेलेला नसताना मधली मिलिमीटरभर फट सगळं क्षेत्र कमकुवत करते. विरोध कमी, म्हणून प्रवाह जास्त. प्लंजर कॉइलमधल्या स्थिर लोखंडी गाभ्याला टेकला की लोखंडाचा मार्ग पुरा होतो, विरोध वाढतो आणि प्रवाह झपकन उतरतो. कॉइल बनवलेली असते ती या उतरलेल्या प्रवाहासाठी. सुरुवातीचा जास्तीचा प्रवाह तिने क्षणभरच सोसायचा असतो.

प्लंजर अडकला तर तो क्षण संपतच नाही. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह तिप्पट राहिला तर उष्णता नऊपट. तारेवरचं इनॅमल (वीजरोधक लेप) करपतं, वेटोळी आपसात शॉर्ट होतात. व्होल्टेज कमी पडून प्लंजर अर्धवट उचलला गेला तरी हेच होतं. तपासणीसाठी कॉइल प्लंजर असलेल्या दांडीवरून काढून तशीच चालू ठेवली तरीही हेच, आणि ही चूक फार वारंवार होते. आधी सप्लाय बंद करा, मगच कॉइल काढा.

जळण्याआधी व्हॉल्व्ह बहुधा इशारा देतो. ५० हर्ट्झच्या सप्लायमध्ये प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो. त्या क्षणी प्लंजर सुटू नये म्हणून गाभ्याच्या तोंडावर तांब्याची कडी बसवलेली असते. तिच्यात निर्माण होणारा प्रवाह थोडा मागे रेंगाळतो आणि शून्याच्या क्षणीही ओढ शिल्लक ठेवतो. तोंडावर घाण बसली किंवा कडी तुटली की व्हॉल्व्ह गुणगुणू लागतो. ती गुणगुण ऐकू आली की त्याच पाळीत व्हॉल्व्ह उघडावा.

घाण येते हवेतूनच. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. गेजवर ७ बार दाब, त्यात वातावरणाचा १ बार धरला तर ८, म्हणजे आठ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबलेली, आणि तिच्यासोबत १९२ ग्रॅम पाणी. ही हवा ४० अंशांवर निवली की जेमतेम ५१ ग्रॅम वाफ धरू शकते. उरलेलं सुमारे १४० ग्रॅम पाणी टाकी, पाइप आणि फिल्टरच्या वाटीत उतरतं. त्यात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा गंज आणि कॉम्प्रेसरचं तापून चिकट झालेलं तेल मिसळतं. हाच राप प्लंजर अडकवतो. म्हणून पावसाळ्यात टाकी आणि फिल्टरचा ड्रेन प्रत्येक पाळीला सोडावा.

तपासताना आधी सिलिंडरच्या वाटेत कुणी नाही हे पाहून मॅन्युअल ओव्हरराइड, म्हणजे विजेशिवाय व्हॉल्व्ह हाताने चालवायचं बटण, दाबा. सिलिंडर हलला तर हवा आणि स्पूल ठीक आहेत. मग मल्टिमीटरने कॉइलच्या टोकांवरचं व्होल्टेज बघा, ते सहसा कॉइलच्या ठरलेल्या व्होल्टेजपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वर-खाली नसावं लागतं. हलला नाही तर पायलटचा दाब कमी आहे किंवा स्पूल अडकला आहे.

एक्झॉस्टमधून, म्हणजे वापरलेली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडातून, सतत हवा येत असेल तर लगेच व्हॉल्व्ह बदलू नका. व्हॉल्व्हवर १ हे हवा आत येण्याचं तोंड, २ आणि ४ ही सिलिंडरकडे जाणारी तोंडं. १ मधून ४ ला हवा जात असताना २ ची नळी काढा. हवा नळीतून आली तर सिलिंडरच्या पिस्टनचं सील गेलंय, व्हॉल्व्हच्या २ नंबरच्या तोंडातून आली तर स्पूलचं.

व्हॉल्व्ह उघडण्याआधी वीज आणि हवा दोन्ही बंद करा, लाइनमधला दाब सोडा, उभ्या सिलिंडरखाली टेकू द्या. थिनर वापरू नका, नायट्राइल रबराच्या रिंगा फुगतात. स्पूलच्या भोकात पॉलिश पेपर तर मुळीच नको. धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून उत्पादकाने सांगितलेल्या ग्रीसचा पातळ थर द्या. ग्रीस भरलेल्या व्हॉल्व्हला एकदा लुब्रिकेटरचं (हवेत तेल मिसळणाऱ्या उपकरणाचं) तेल सुरू केलंत तर ते पुढे बंद करू नका, कारण मूळ ग्रीस त्या तेलाने धुऊन गेलेलं असतं.