शिळा झाल्यावर मऊ होणारा केक

इंग्लंडमधल्या यॉर्कशायर भागात 5 नोव्हेंबरच्या रात्री शेकोट्या पेटतात, फटाके उडतात आणि पार्किन नावाचा काळपट, चिकट, आल्याचा केक खाल्ला जातो. 1605 साली लंडनची संसद दारूगोळ्याने उडवून द्यायचा कट फसला, त्याची ही आठवण. कटातला गाय फॉक्स हा यॉर्कचाच. दिवाळीच्या आगेमागेच हा दिवस येतो. कराडहून नोकरीसाठी लीड्सला गेलेल्या माझ्या भाचीने तिथल्या पहिल्याच नोव्हेंबरात शेजारच्या आजीबाईंना विचारून पार्किन केला आणि ओव्हनमधून काढल्या काढल्या मला फोन लावला.

"मामा, त्या म्हणतात आज कापायचा नाही. डब्यात घालून तीन-चार दिवस विसरून जायचं. आत्ता तर नुसती वीट आहे! ती ठेवून मऊ कशी होणार?"

माझी उभी हयात साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. या प्रश्नाचं उत्तर आमच्या कारखानदारीच्या सगळ्यात जुन्या डोकेदुखीत आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी विटेचं पाहू. पार्किनमध्ये थोडा मैदा आणि बराचसा ओट्सचा जाड रवा असतो. पेनाइन डोंगरांच्या गार, ओल्या हवेत गव्हापेक्षा ओट्स बरे पिकतात, म्हणून तिकडच्या गरिबाघरी तेच. ओट्समधलं बीटा-ग्लुकन हे तंतुमय द्रव्य पाणी चांगलं धरून ठेवतं, पण त्याला घाई चालत नाही. त्यामुळे ताज्या पार्किनच्या कडा कोरड्या, पोट ओलसर आणि ओट्सची कणी दाताखाली कचकचणारी. डब्याचं झाकण लावलं की पोटातला ओलावा कडांकडे सरकतो, कणीत मुरतो. बाहेरून पाण्याचा थेंबही यावा लागत नाही.

मग डब्यात ठेवलेली भाकरी का मऊ होत नाही? ती वाळते म्हणून कडक होते, असं आपण धरून चालतो. पण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बुसिंगो याने 1852 मध्ये दाखवलं की पाव हवाबंद ठेवला, त्यातलं पाणी जराही उडू दिलं नाही, तरी तो शिळा होतोच. भाजताना पिठातले स्टार्चचे रेणू पाणी पिऊन फुगतात, विस्कटतात. गार झाल्यावर ते पुन्हा एकमेकांना चिकटून रांगा धरू लागतात. ही रांग म्हणजेच कडकपणा. शिळी भाकरी तव्यावर गरम केली की थोडा वेळ मऊ पडते, कारण उष्णतेने रांग मोडते. पार्किनमध्ये ही रांग लागायला फार उशीर होतो, आणि तो करते साखर. मात्र डब्यातली पांढरी दाणेदार साखर नव्हे, तर फुटलेली.

उसातली साखर म्हणजे सुक्रोज. तिचा एक रेणू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन तुकड्यांचा जोड असतो. आम्ल आणि उष्णता मिळाली की पाण्यात हा जोड तुटतो. कारखान्यात याला इन्व्हर्जन म्हणतात आणि हा शब्द कुणी हसून उच्चारत नाही. ऊस तुटला की उसातलंच इन्व्हर्टेज हे विकर कामाला लागतं, जोडीला जिवाणू येतात. ट्रॉली दोन दिवस नंबरला उभी राहिली की उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, घसरलाच. प्रयोगशाळेत हे डोळ्यांना दिसतं. निवळलेला रस दोनशे मिलिमीटरच्या काचनळीत भरायचा आणि पोलॅरिमीटरमध्ये ठेवायचा. सुक्रोज ध्रुवीभूत प्रकाशाला उजवीकडे वळवतं, फुटलेल्या साखरेचं मिश्रण डावीकडे. शिळ्या उसाच्या रसाचा आकडा खाली आला, की शेतकी खात्याला फोन जायचाच.

फुटलेली साखर सहजासहजी स्फटिक धरत नाही, उरलेल्या साखरेलाही धरू देत नाही, आणि मळीत, म्हणजे साखर काढून उरलेल्या काळ्या पाकात, निघून जाते. गुऱ्हाळवाल्यालाही ती नको असते. रसाचा आंबटपणा मारायला तो काहिलीत चुन्याची निवळी घालतो, ती याचसाठी. तरी साखर जास्त फुटली तर ढेप नीट बसत नाही आणि पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं.

पार्किनला नेमकी हीच नकोशी साखर लागते. फ्रुक्टोज पाण्याला असं धरून ठेवतं की ते सहज उडत नाही आणि स्टार्चला रांग लावायलाही मोकळं मिळत नाही. बुरशीचीही तीच पंचाईत. पाणी आहे, पण तिच्या वाट्याला येत नाही. म्हणून पार्किन आठवडाभर सहज टिकतो.

ही साखर येते ट्रीकल आणि गोल्डन सिरपमधून. ट्रीकल आपल्या मळीच्या जवळचा, काळा, कडवट. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये तो आला कॅरिबियन बेटांवर गुलामांनी पिकवलेल्या उसातून; शेकोटीभोवतीच्या गप्पांत हे फारसं कुणी काढत नाही. गोल्डन सिरप नंतरचं. ॲब्रम लाइल या स्कॉटिश व्यापाऱ्याच्या पूर्व लंडनमधल्या कारखान्यात साखर शुद्ध करताना उरणाऱ्या पाकापासून ते 1883 मध्ये तयार झालं. आम्ही जो पाक नुकसानीच्या खात्यात टाकायचो, तो या गृहस्थाने डब्यात भरून विकला!

कराडात गोल्डन सिरप शोधत बसायची गरज नाही. काकवी आहे. काहिलीतला रस साधारण 105 अंशांवर आला की काकवी उतरवतात; गुळासाठी तो 118 च्या आसपास न्यावा लागतो. काकवीत 15 ते 25 टक्के फुटलेली साखर असते. काकवीला खडे धरू नयेत म्हणून काही ठिकाणी किंचित सायट्रिक आम्ल घालतात, त्याने साखर आणखी फुटते. फक्त काकवी पातळ असते. तिच्यात जवळजवळ एक तृतीयांश पाणी, तर गोल्डन सिरपमध्ये 18 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 200 ग्रॅम काकवी घातली तर साधारण 30 ग्रॅम पाणी जादा गेलं. तेवढं दूध कमी करायचं, दोन मोठे चमचे. ओट्स मिक्सरमधून रव्याइतके जाड काढायचे, पीठ करायचं नाही.

खायचा सोडा मात्र विसरू नये. काकवी किंचित आम्लधर्मी असते. तिच्याशी संयोग होऊन सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि केक फुगतो. उरलेल्या सोड्याने मिश्रण अल्कधर्मी होतं आणि रंग गडद चढतो. हा रंग मायार अभिक्रियेचा. लुई-कामिय मायार याने 1912 मध्ये ती मांडली. तीत साखर आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं एकत्र येतात, पण अख्खं सुक्रोज तिथे चालत नाही, ग्लुकोज-फ्रुक्टोजच लागतात. इथेही फुटलेलीच साखर कामाला आली.

आलं सातारा जिल्ह्याचंच, पण ओलं किसून घालू नका, सुंठ घाला. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचं शोगाओल होतं आणि ते जास्त झणझणीत लागतं.

कराडच्या हिवाळ्यात हवा कोरडी, तेव्हा डबा घट्ट झाकणाचाच हवा. उघड्यावर ठेवलेला पार्किन विटेचा दगड होईल. पावसाळ्यात उलट. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की फ्रुक्टोज बाहेरचंही पाणी ओढायला लागतं, आणि कोयनेकाठच्या जुलैत ती सहसा त्याच्या खाली येतच नाही. तेव्हा केलेला पार्किन वरून पाझरतो, बोटांना चिकटतो. भाचीच्या मते तो तसाच जास्त चांगला लागतो. मला नाही पटत.