लिनक्स म्हणजे फक्त इंजिनिअरांचं काम?

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. त्याबद्दल इंदूरच्या मराठी घरांतल्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं एक मेसेज फिरतो: "लिनक्स घेतलं की काळ्या पडद्यावर कमांड टाइप कराव्या लागतात, मराठीही लिहिता येत नाही."

1990च्या दशकात हे बरंचसं खरं होतं, म्हणून समज रुजला. आज लिनक्स मिंटमध्ये (लिनक्सचा एक प्रकार) खाली डावीकडे मेनू, ब्राउझर आणि लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं) तयार असतं. रोजच्या कामाला कमांड लागत नाही. 4 जीबी रॅमवर ते नीट चालतं.

खात्री घरीच करा. 8 जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. इंदुरात जेल रोडवर सहज मिळेल. त्यातला डेटा पुसला जाणार, तो आधी काढून ठेवा. मिंटच्या साइटवरून आयएसओ फाइल (अख्खं मिंट एका फाइलमध्ये) उतरवा आणि एचर (Etcher) या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर 'लिहा'. बहुतेकांचं इथेच चुकतं: फाइल नुसती कॉपी केली की कॉम्प्युटर त्यावरून सुरू होत नाही. मग रीस्टार्ट करून एफ12 दाबा (काही कंपन्यांत एफ9 किंवा एस्केप) आणि पेन ड्राइव्ह निवडा.

आता सगळं पेन ड्राइव्हवरून चालतं; 'इन्स्टॉल' दाबेपर्यंत हार्ड डिस्क तशीच राहते. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी जोडून 'ज्ञानेश्वर' टाइप करा, जोडाक्षरं नीट उमटतात.

दुकानाचा हिशोब टॅलीवर असेल तर मात्र विंडोज काढू नका.