डेस्कटॉपमध्ये एकापेक्षा जास्त हार्ड डिस्क लावणं

एकाच कॅबिनेटमध्ये दोन किंवा त्याहून जास्त डिस्क बसवून चालवणं हा प्रकार डेस्कटॉपवर अगदी कॉमन आहे, विंडोज छोट्या एसएसडीवर (चिपवर चालणाऱ्या, न फिरणाऱ्या डिस्कवर) टाकायचं आणि फोटो, पिक्चर, टॅलीचा डेटा वगैरे मोठ्या हार्ड डिस्कवर ठेवायचा. जोडायला फार वेळ लागत नाही, डोकं खातं ते पुढचं, म्हणजे नवीन डिस्क दिसतच नाही किंवा ती लावल्यावर आधीचं चांगलं चालणारं विंडोजच सुरू होत नाही.

आधी डिस्क जोडायची आयडीई ही जुनी पद्धत होती तेव्हा एका रुंद पट्टी केबलवर दोन डिस्क लागायच्या, एक मास्टर एक स्लेव्ह, आणि ते ठरायचं डिस्कच्या मागच्या बारीक जम्परवर (पिनांवर बसणाऱ्या टोपीवर). दोन्ही मास्टर राहिल्या की कधी एकच दिसायची, कधी दोन्ही गायब. ८० तारांच्या केबलला निळं टोक मदरबोर्डला, टोकाचं काळं मास्टरला आणि मधलं करडं स्लेव्हला असा नियम होता. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कचा वेगळाच नखरा, एकटी असेल तर जम्पर काढायचा आणि सोबत स्लेव्ह असेल तरच मास्टरवर ठेवायचा. २००३ च्या सुमारास साटा ही नवीन जोडणी आली आणि प्रत्येक डिस्कला स्वतःची केबल मिळाली, त्यामुळे आज कोणी साटा डिस्कला मास्टर-स्लेव्ह करायला सांगत असेल तर ऐकून सोडून द्यायचं.

डिस्क दिसत नसेल तर पहिला प्रश्न एकच, बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) दिसते का? तिथेच नसेल तर विंडोजमध्ये काहीही करून उपयोग नाही, दोष वायरिंगचा, पोर्टचा किंवा डिस्कचा. पीसी बंद करून दोन्ही केबल काढून परत नीट दाबून बसवायच्या, डेटाची ७ पिनची आणि पॉवरची १५ पिनची, मग केबल बदलून बघायची, मग पोर्ट बदलायचा. पीसी चालू असताना हार्ड डिस्कला हलकेच बोट लावलं की फिरते की नाही ते कळतं, अजिबात थरथर नसेल तर बहुतेक पॉवर पोचत नाहीये. एसएमपीएसला (पीसीच्या पॉवर सप्लायला) साटा पिन कमी पडतात म्हणून मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या पॉवर प्लगवरून) साटा करणारा स्वस्त कन्व्हर्टर लावतात, त्यातला प्लास्टिकमध्ये ओतून बनवलेला प्रकार वितळून जळाल्याची उदाहरणं आहेत, तिथे पैसे वाचवू नयेत. अजून एक गंमत म्हणजे बऱ्याच मदरबोर्डवर एम डॉट टू (M.2) स्लॉटमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या खाचेत, एसएसडी टाकली की एखाद-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं पण ते मॅन्युअल सहसा माळ्यावर असतं.

बायोसमध्ये आहे पण धिस पीसीमध्ये नाही, मग स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडायचं. नवीन कोरी डिस्क तिथे काळ्या पट्टीत अनअलोकेटेड दिसते, तिला इनिशियलाइझ (वापरासाठी तयार) करून पार्टिशन केलं की झालं. तेव्हा पार्टिशनची नोंद ठेवायची पद्धत एमबीआर की जीपीटी असं विचारतं, जीपीटी घ्या. एमबीआरमध्ये सेक्टरचा (डिस्कच्या छोट्या कप्प्याचा) नंबर ३२ बिटांचा असतो आणि सेक्टर ५१२ बाइटचा, त्यामुळे साधारण २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही, ४ टीबीची डिस्क घेऊन अर्धी वाया. (१ टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते ती मात्र फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.) पण जुनी, डेटा असलेली डिस्क लावल्यावर इनिशियलाइझ किंवा फॉरमॅट करायचा मेसेज आला तर चुकूनही ओके मारू नका, आधी दुसऱ्या केबलवर बघा आणि मगच डेटा रिकव्हरीचा विचार करा. कधी कधी फक्त ड्राइव्ह लेटर मिळालेलं नसतं, ते तिथेच देता येतं. क्लोन केलेली (हुबेहूब कॉपी काढलेली) डिस्क मूळ डिस्कसोबत लावली तर दोघींची सही (डिस्कचा ओळख नंबर) सारखी म्हणून विंडोज एकीला ऑफलाइन ठेवतं, राइट क्लिक करून ऑनलाइन केली की नवीन सही लिहिली जाते.

सगळ्यात जास्त वैताग बूटचा, म्हणजे पीसीवर विंडोज सुरू होण्याचा. विंडोज टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील तर इन्स्टॉलर बूटच्या फायली कधी कधी दुसऱ्याच डिस्कवर ठेवतो, विंडोज एसएसडीवर आणि बूट जुन्या हार्ड डिस्कवर. पुढे जुनी डिस्क मेली किंवा काढली की एसएसडी ठणठणीत असूनही पीसी उठत नाही आणि लोकांना वाटतं विंडोज उडालं. म्हणून इन्स्टॉल करताना बाकी डिस्कच्या केबल सरळ काढून ठेवायच्या, हा उपाय सगळ्यात खात्रीचा. नवीन डिस्क लावल्या लावल्या ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही असं आलं तर मात्र बहुतेक वेळा बूट ऑर्डर (आधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो क्रम) बदललेली असते, बायोसमध्ये जाऊन एसएसडीला यादीत सगळ्यात वर आणायचं.

डिस्क दिसते पण मध्येच अडकते किंवा गायब होते, तेव्हा क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींचे, आकडे बघावेत. ०५ आणि सी५ नंबरच्या नोंदींचे आकडे वाढत असतील तर सेक्टर खराब होतायत, त्या दिवशीच कॉपी काढा. फक्त सी७ वाढत असेल तर दोष बहुतेक केबलचा, आणि केबल बदलली तरी जुना आकडा शून्य होत नाही, तो पुढे वाढायचा थांबला की काम झालं समजायचं.

दोन सारख्या डिस्क मिळाल्या की रेड (RAID), म्हणजे दोन्ही जोडून एकच डिस्क असल्यासारखं करायची हौस येते. रेड ० मध्ये डेटा दोन्हीवर वाटून लिहिला जातो, त्यामुळे एक गेली की सगळंच गेलं. रेड १ मध्ये दोन्हीवर तेच लिहिलं जातं, पण डिलीट केलेली फाइलही दोन्हीवरून एकदमच जाते, त्यामुळे बॅकअप वेगळा लागतोच. आणि चालू विंडोजवर बायोसमध्ये साटाचं सेटिंग एएचसीआय (नेहमीचा साधा मोड) बदलून रेड केलं की बरेचदा निळा स्क्रीन येतो, तेव्हा फॉरमॅट मारायच्या आधी सेटिंग परत पूर्वीसारखं करून बघायचं, बहुतेक वेळा तेवढ्यावर चालू होतं.