नदीला ३०, समुद्राला १००

साखर कारखान्याच्या पट्ट्यात राहणाऱ्याला बीओडी हा शब्द पेपरातून माहीत असतो. पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू जेवढा प्राणवायू खातात, त्याचं हे माप. सरकारच्या सर्वसाधारण मानकांनुसार कारखान्याचं सांडपाणी नदीत सोडायचं तर बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा. तेच समुद्रात सोडायचं असेल, तर १०० पर्यंत चालतं.

हा दुजाभाव का? समुद्रात पाणी अफाट, शिवाय भरती-ओहोटी ते घुसळत राहते. म्हणून तर मुंबईत वरळी आणि वांद्र्याचं सांडपाणी बोगद्यातून तीन किलोमीटरहून जास्त आत नेऊन सोडतात. सांगलीत आयर्विन पुलाखाली उन्हाळ्यात कृष्णा कशी दिसते ते आठवा. शहराचं सांडपाणी आणणाऱ्या शेरीनाल्याचं पाणी तिथं मिसळायला जागाच कमी.

तपासणी मात्र दोन्हीकडे साधारण सारखीच. नमुन्याच्या काचेच्या बाटलीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. काठावरच त्यात मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडचं अल्कली द्रावण घालतात. प्राणवायू असेल तर तपकिरी गाळ बसतो. नसेल तर गाळ पांढराच राहतो. पुढचं नेमकं मोजमाप प्रयोगशाळेत. दुसरी बाटली २७ अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवतात आणि मग किती प्राणवायू घटला ते बघतात. विलायतेत हेच पाच दिवस मोजत. तिथल्या नद्या तेवढ्यात समुद्राला मिळतात म्हणून, असं सांगतात. आपली कृष्णा महाबळेश्वरहून सुमारे १,४०० किलोमीटर जाते, वाटेत अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर ही धरणं. त्यामुळे सांगलीची कुजणारी घाण बंगालच्या उपसागरापर्यंत फारशी पोचतच नाही. तिचा प्राणवायूचा हिशेब इथल्याच माशांकडून वसूल होतो.

प्लास्टिकचं तसं नाही. ते तीन दिवसांत कुणी खात नाही, त्यामुळे बीओडीला ते दिसतच नाही! जहाजांना समुद्रात प्लास्टिक टाकायला मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने पूर्ण बंदी आहे आणि कचऱ्याची नोंदवही ठेवावी लागते. नदीतून वाहत येणाऱ्या पिशव्यांची अशी नोंदवही कुणाकडे नसते. किनाऱ्यालगतच्या पाण्यावर चेन्नईचं राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्र लक्ष ठेवतं, पण त्याचं काम नदी संपते तिथून सुरू होतं.

आपल्याकडे नमुने प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. त्यांचे आकडे बघायचे झाले तर वर्षाच्या सरासरीवर जाऊ नका. पावसाळ्यातली कृष्णा सरासरी सुधारून टाकते. मार्च ते मेचे आकडे वेगळे काढा, आणि नाल्याच्या वरचे व खालचे शेजारी ठेवून बघा.