परिभाषा की नंदभाषा?

बडोद्यात मांडवीच्या दुकानात काकूंनी घासाघीस सुरू केली की गुमास्ता साडीच्या चिठ्ठीवरची तीन-चार अक्षरं मालकाला वाचून दाखवतो. त्या अक्षरांत खरेदीचा भाव दडलेला असतो. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एखादा शब्द ठरवायचा; पहिलं अक्षर एक, दुसरं दोन, शेवटचं शून्य. मालकाने नुसती मान हलवली तरी काकू ओळखतात, अजून दोनशे उतरतील.

हा नंदभाषेच्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या सांकेतिक बोलीच्याच घराण्यातला प्रकार. मराठी दलालांची नंदभाषा मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशातही आहे: केवली म्हणजे एक, पोकू चार, मुळू पाच. रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायची ती करपल्लवी. समोरच्या गिऱ्हाइकाला कळू नये, एवढाच या सगळ्याचा हेतू. त्यामुळे हे शब्द कोशात छापले गेले म्हणजे दलालांच्या दृष्टीने ते बादच झाले म्हणायचे.

परिभाषेचं, म्हणजे एखाद्या शास्त्रातल्या किंवा धंद्यातल्या ठरीव शब्दांचं, उलट. ती कोशात गेल्याशिवाय पक्की होत नाही. आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली राज्यकारभारातल्या शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढला, तोही आठ भाषांचा. दडवायचं असतं तर एवढा खटाटोप कशाला? परिभाषा अवघड वाटते, कारण तिथे नेहमीच्याच शब्दाला नेमका अर्थ बांधून दिलेला असतो. घरी आपण कैफियत मांडतो ते गाऱ्हाणं. कोर्टातली कैफियत म्हणजे दाव्याला प्रतिवादीने दिलेलं लेखी उत्तर. वकील तुमच्यापासून काही लपवत नसतो (निदान या शब्दात तरी नाही). विचारलं तर सांगेल.

गोची डॉक्टरांकडे होते. क्षयाच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये जाहीर केला, म्हणून आपल्याकडचे डॉक्टर क्षयाला ‘कॉक्स’ (Koch’s, म्हणजे कॉखचा) म्हणतात. आपसात बोलताना ती परिभाषा. पण पेशंटने ‘टीबी’ ऐकून हाय खाऊ नये म्हणून त्याच्यासमोर मुद्दाम ‘कॉक्स’ म्हटलं, की तीच नंदभाषा होते. शब्द तोच, फक्त समोर कोण बसलंय ते बदललं.

दांडिया बाजारातल्या आमच्या काकूंच्या केसपेपरवर हा शब्द होता. त्यांना वाटलं, कफचंच इंग्रजी नाव. आठ दिवस त्या शेजारणींना सांगत होत्या, “काही नाही गं, साधा कॉक्स झालाय.”