संपर्करहित अल्ट्रासॉनिक तपासणी (धातूच्या पृष्ठभागावरील तडे)

धातूला प्रोब (तरंग सोडणारे आणि घेणारे उपकरण) न टेकवता, तेल-पाणी-जेल न लावता त्यात अल्ट्रासॉनिक तरंग निर्माण करून पृष्ठभागावरचे तडे शोधण्याची पद्धत. नेहमीच्या तपासणीत प्रोब आणि धातू यांमधली हवा हटवण्यासाठी कपलंट, म्हणजे तेल-पाणी-जेलचा थर, लागतो. लालभडक सळई, वेगाने सरकणारा पत्रा किंवा तपासणी-गाडीखालचा रूळ अशा ठिकाणी तो लावता येत नाही. लावला तरी त्याचा थर कमीजास्त होतो आणि संकेताचा भरवसा जातो.

या कामाला रेले तरंग वापरतात. लॉर्ड रेले यांनी १८८५ मध्ये त्यांचे गणित मांडले. हे तरंग पृष्ठभागाला धरून पुढे जातात आणि त्यांची ऊर्जा साधारण एका तरंगलांबीइतक्या खोलीतच असते. पोलादात त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३,००० मीटर असल्याने १ मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी ३ मिमी आणि ५ मेगाहर्ट्‌झला ०.६ मिमी येते. ०.२ मिमी खोल तड्याखालून ३ मिमीचा तरंग जवळजवळ बिनबोभाट निघून जातो. म्हणून कोणता तडा पकडायचा आहे हे ठरल्याशिवाय वारंवारता ठरवता येत नाही.

तरंग निर्माण करण्याचे मार्ग तीन. हवेतून तरंग सोडणे सर्वांत सोपे वाटते, पण हवा-पोलाद सीमेवर दर वेळी सुमारे ४४ डेसिबल तोटा होतो आणि वारंवारता वाढवावी तसा हवेतला ऱ्हासही झपाट्याने वाढतो. प्रोब लंबापासून सुमारे ६.६ अंश कलवला की पोलादात रेले तरंग उठतो खरा. मात्र २०० किलोहर्ट्‌झला त्याची तरंगलांबी १५ मिमी असते. बारीक तड्यांसाठी हा मार्ग कुचकामी आहे.

दुसरा मार्ग लेसरचा. क्षणिक तापवण्याने धातूत तरंग उठतात हे आर. एम. व्हाइट यांनी १९६३ मध्ये दाखवले. आता एनडी-याग (निओडिमियमयुक्त स्फटिकाच्या) लेसरचा सुमारे १० नॅनोसेकंदांचा झोत दंडगोलाकार भिंगाने रेषेत एकवटतात. तरंग त्या रेषेला लंब दिशेने जोरकस निघतो. परतलेले कंपन दुसऱ्या लेसरने, व्यतिकरणमापकाच्या (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या उपकरणाच्या) साहाय्याने वाचतात. यंत्र दूर ठेवता येते, त्यामुळे तप्त धातूला हा मार्ग योग्य. मात्र काळवंडलेला, खडबडीत पृष्ठभाग प्रकाश पुरेसा परत देत नाही, आणि झोताची तीव्रता वाढवली की धातू उडून डाग पडतो. फिनिश केलेल्या भागावर हे चालत नाही. डोळ्यांच्या संरक्षणाचे नियमही कडक पाळावे लागतात.

तिसरा आणि कारखान्यात सर्वाधिक उपयोगी पडतो तो ईमॅट, म्हणजे विद्युत्‌चुंबकीय प्रोब. लोहचुंबकाखाली नागमोडी कॉइल असते. तिच्या शेजारच्या दोन तारांमधले अंतर अर्धी तरंगलांबी, म्हणजे पोलादासाठी १ मेगाहर्ट्‌झला १.५ मिमी ठेवतात. कॉइलमधून विद्युत्‌ स्पंद गेला की धातूच्या अगदी वरच्या थरात भोवरा प्रवाह (गोल फिरणारे विद्युतप्रवाह) उठतात, चुंबकीय क्षेत्र त्यांना ढकलते आणि धातू स्वतःच तरंग निर्माण करतो.

‘संपर्करहित’ म्हटले तरी ईमॅटच्या बाबतीत प्रोब आणि धातू यांमधले अंतर, म्हणजे फट, जेमतेम मिलिमीटरभराचे असते. ३ मिमी तरंगलांबीला ०.५ मिमी फट असेल, तर फट नसतानाच्या तुलनेत एका बाजूला सुमारे ३५ टक्के संकेत उरतो. पाठवताना आणि घेताना असा दोनदा तोटा धरला की हाती १२ टक्के येतात. १ मिमी फटीला जेमतेम दीड टक्का. वारंवारता दुप्पट केली की तीच फट दुप्पट महाग पडते. मुळातच क्षीण संकेत मग ६४ वेळा घेऊन त्याची सरासरी काढतात. त्याने गोंगाट आठपट घटतो, पण तपासणीचा वेगही घटतो.

खरी पंचाईत ही की तड्यानेही संकेत घटतो आणि फट वाढल्यानेही घटतो. एकच आकडा पाहून निकाल देणे धोक्याचे. समजा पाठवणारा आणि घेणारा ईमॅट एका चौकटीत १५० मिमी अंतरावर बसवले आहेत. थेट तरंग ५० मायक्रोसेकंदांनी पोहोचतो. घेणाऱ्याच्या ४० मिमी पुढे तडा असेल, तर त्याचा प्रतिध्वनी सुमारे ७७ मायक्रोसेकंदांना दिसतो. चौकट पुढे सरकते तसा तो थेट संकेताकडे सरकत येतो. तडा घेणाऱ्याच्या खाली आला की येणारा आणि परतणारा तरंग एकमेकांत मिसळून संकेत क्षणभर उसळतो, आणि तडा दोघांच्या मधे गेला की थेट संकेत कोसळतो. हा क्रम दिसला तर तडा. आधी प्रतिध्वनी नाही, मधली उसळी नाही, नुसती घट आहे, तर बहुधा प्रोब उचलला गेला आहे.

नागमोडी कॉइल दोन्ही दिशांना तरंग सोडते, त्यामुळे पाठीमागच्या कडेवरून आलेला प्रतिध्वनी तडा म्हणून नोंदला जाण्याची चूक वारंवार होते. चुंबकाला लोखंडी कीस चिकटतो आणि कॉइल खरवडली जाते. दर फेरीनंतर तळ पुसावाच लागतो. साध्या निओडिमियम चुंबकाची ताकद ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कायमची घटू लागते. पोलादावर घट्ट बसलेली ऑक्साइडची खपली संकेत वाढवते, सुटी खपली तो बिघडवते. ऑस्टेनिटिक (चुंबकाला न चिकटणाऱ्या) स्टेनलेस पोलादात संकेत दुबळा, ॲल्युमिनियममध्ये चांगला मिळतो.

तरंगाच्या मार्गाला समांतर असलेला तडा जवळपास दिसतच नाही. म्हणून दोन दिशांनी तपासावे. रुळाच्या माथ्यावरचे तडे तिरके आत शिरतात, त्यामुळे खोली ठरवणे अवघड होते. १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमधील हॅटफिल्ड येथे अशाच तड्यांनी रूळ तुटून चार जणांचा मृत्यू झाला.

यंत्र जुळवून घेण्यासाठी वापरायच्या नमुना-ठोकळ्यावर (कॅलिब्रेशन ब्लॉक) ईडीएमने, म्हणजे विद्युत ठिणग्यांनी धातू कोरून, ०.५, १ आणि २ मिमी खोल खाचा पाडून घेतात. खाच मात्र रुंद आणि उघडी असते, तर थकव्याने पडलेल्या तड्याच्या कडा दाबाखाली एकमेकींना टेकतात आणि तरंग त्यातून पार होतो. १ मिमी खाचेवरून ठरवलेली संकेताची मर्यादा तितक्याच खोल खऱ्या तड्याला हुकू शकते. शक्य तेथे भागावर ताण देऊन तडा उघडतात, आणि संशयित जागा चुंबकीय कण पद्धतीने (तड्यापाशी जमणाऱ्या लोहकणांनी) किंवा डाय-पेनिट्रंटने (तड्यात शिरणाऱ्या रंगीत द्रवाने) पुन्हा तपासतात.