खाडीची घाटी आणि वीस इंची चाक

फोल्डिंग सायकलचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, ‘चाक एवढंसं, पाय किती मारायचे!’ पायडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते, हे एकट्या चाकावर ठरत नाही. पुढच्या चेनव्हीलचे, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चक्राचे, दाते भागिले मागच्या चक्राचे दाते, गुणिले चाकाचा परीघ, असं ते गणित आहे. २८ इंची काळ्या सायकलचा परीघ सुमारे २.२ मीटर; ४४ आणि १८ दात्यांवर ती एका फेरीत ५.४ मीटर जाते. २० इंची फोल्डिंगचा परीघ जेमतेम १.५३ मीटर, पण पुढे ५२ आणि मागे १४ दाते असले की ती ५.७ मीटर जाते.

कोकणात खरी अडचण चढाची. रस्ता सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी पठारावरून, खाडीत उतरतो, जयगड–तवसाळ किंवा दाभोळ–धोपावे फेरीबोटीने पलीकडे जावं, की पुन्हा घाटी. समजा चढ ८ टक्के, म्हणजे १०० मीटरला ८ मीटर उंची. आणि माणूस, सायकल, बॅगा मिळून १०० किलो. मागे ओढणारा जोर ८ किलो वजनाइतका, टायरचं घर्षण धरून ९. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, १७० मिलिमीटरचा असेल तर पाऊल एका फेरीत १.०७ मीटर फिरतं. तेवढ्यात ५२ पुढे–३२ मागे या गिअरवर सायकल २.५ मीटर जाते, म्हणजे पायडलवर सरासरी २१ किलोंचा जोर हवा. पुढे ४४ दाते घातले की अंतर २.१ मीटर, जोर १८ किलो. काळ्या सायकलला हाच आकडा ४५ येतो! शिवाय ही सरासरी आहे. पायडल अगदी वर किंवा खाली असताना जोर लावताच येत नाही, त्यामुळे मधे तो साधारण दीडपट लागतो. गुडघे दुखतात ते तिथे.

म्हणून घेतानाच पुढे ४४ दात्यांची सोय बघा. सपाटीवर फारसं बिघडत नाही: मागच्या ११ दात्यांवर, मिनिटाला ८० फेऱ्यांनी, ताशी २९ किलोमीटर मिळतात. चेनव्हील बोल्टने बसवलेलं हवं. रिव्हेट मारलेलं असेल तर ते एकटं बदलता येत नाही. बदलल्यावर चेनच्या ४ कड्या कमी करा.

लहान चाक खड्ड्यात जास्त आदळतं हे मात्र खरं. टायर ४० मिलिमीटर किंवा रुंद घ्या. टायरवर ४०६ हा आकडा (टायर बसतो त्या रिमचा व्यास, मिलिमीटरमध्ये) बघा; मुलांच्या २० इंची सायकलींना बहुधा हाच लागतो, त्यामुळे ट्यूब तालुक्याच्या दुकानात मिळण्याची शक्यता जास्त. ४५१सुद्धा ‘२० इंची’च म्हणून विकतात, पण एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही.

‘विमानाच्या दर्जाचं अॅल्युमिनियम’ या स्टिकरला भुलू नका. ते बहुधा ६०६१ नावाचं मिश्रधातू असतं, आणि त्याच्या साध्या शिड्याही असतात. खाऱ्या हवेत त्याच अॅल्युमिनियमला स्टीलचा बोल्ट टेकला की मिठाच्या ओलाव्यातून विद्युतघट तयार होतो आणि अॅल्युमिनियम झिजतं. बोल्टांना ग्रीस लावा. सीटच्या दांड्याला नको, बसल्यावर सीट खाली सरकेल; तो आठवड्याला बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसा.

दुकानात पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा आणि हँडलच्या बिजागरीवर बोट ठेवा. टकटक लागली तर खटक्याचा ताण वाढवायला सांगा. तरीही राहिली तर ती सायकल घेऊ नका.